चौथी पायरी

"दट्ट्याले हात नोका लावू जी!" असं पुष्पांजली ओरडेपर्यंत दट्ट्या त्याच्या हातात आला होता, आणि तो स्वतः तलावात गेला होता.

मोहाबोडीच्या तलावाला तुडूम आहे. पाण्यात उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या, प्रत्येक पायरीला एक भोक, आणि त्या भोकात लाकडी दट्ट्या. वरचा दट्ट्या काढला की वरचं पाणी पाटानं वावरांत जातं. पाणी त्या पायरीच्या खाली उतरलं की मग पुढचा दट्ट्या. अशा चार पायऱ्या, चार दट्टे, आणि त्यांच्या भरवशावर अख्ख्या गावाचं धान. एकदा उपटलेला दट्ट्या वाहत्या भोकात परत बसत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण पाण्यातून डोकं वर काढून खोकणाऱ्या या पाहुण्याला ते कोण सांगणार?

"मॅडम, मैं गिर गया... म्हणजे, पडलो मी."

"पडले ते दिसून राहिलं! दट्ट्या काऊन उपटला?"

"पकडायला दुसरं काही नव्हतं ना."

"मंग बुडाचं होतं!"

तो हसला. गळ्यापर्यंत पाण्यात उभा, केसांतून पाणी निथळतंय, हातात कोपराएवढा दट्ट्या, आणि हा माणूस हसतोय! पुष्पांजलीचा राग आणखी चढला. नेमकं तेव्हाच त्याचं हसू थांबलं. त्यानं मान खाली घातली आणि पाण्याखाली पाय इकडून तिकडे सरकवला... हळू, चाचपत.

"काय झालं? काटा रुतला का पायाले?"

"नाही," तो म्हणाला. "काही नाही."

पाट तोवर खळाळून वाहायला लागला होता.

संध्याकाळी पुष्पांजलीच्या अंगणात गाव जमलं. तिचे वडील परसराम गहाणे म्हणजे तलावाचे राखणदार. पणज्यापासूनचं काम. गेल्या दोन वर्षांत गुडघ्यांनी दगा दिल्यापासून पाण्यात उतरायचं काम लेकीकडे आलं होतं. आधी गाव कुरकुरलं, मग त्याला सवय झाली. पण परक्या माणसानं तुडूम उघडावा, तोही नारळ न फोडता, हळद न वाहता, हे कधी घडलं नव्हतं. तुडूम घरच्यानंच उघडायचा, ही रीत.

आरोपी खाटेच्या टोकावर बसला होता, परसरामचा सदरा घालून. सदरा त्याला दोन्ही बाजूंनी मोठा होत होता. नाव हिमांशु रहांगडाले, गाव मुर्री, काम नकाशे काढणं. तलावाच्या पाळीमागच्या, म्हणजे मातीच्या बांधामागच्या टेकाडावर जुनं पडकं देऊळ होतं, ते पुन्हा उभं करायचं काम नागपूरच्या एका ठेकेदारानं घेतलं होतं आणि हिमांशु पंधरा दिवसांपासून तिथं फीत घेऊन फिरत होता.

"मायावाली हलकी धान कापाले आली होती," एक जण म्हणाला. "बांधीत पाणीच पाणी झालं ना गा!"

परसरामनं सगळ्यांचं ऐकलं. मग पाहुण्याकडे बघितलं.

"पाण्यात जाच्या आधी पायातले जोडे काढले होते का नाई?"

"काढले होते. पाळीवर चढतानाच. तिथं हळदीकुंकू दिसलं म्हणून..."

"हं." परसरामनं दुखऱ्या गुडघ्यावरून हात फिरवला. "ज्यानं पयला दट्ट्या काढला त्यानंच चारही काढाचे. मधात हात बदलला का तलाव रुसते. हे पोरगी सांगन तवा येजो बाबू."

"म्हणजे... मी जायचं नाही?"

"चवथा निघेतवर नाई."

पुष्पांजलीची काकू शामकला पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिनं पदराआड तोंड लपवलं खरं, पण आवाज लपवला नाही. "घ्या! तुडूम घरच्यानंच उघडाचा म्हणे. म्हणजे पाव्हणा पयल्याच दिवशी घरचा झाला!"

सगळं अंगण हसलं. पुष्पांजली उठून आत गेली, आणि आत काही काम नव्हतं म्हणून उगाच चुलीतली लाकडं मागेपुढे करत बसली.

दुसरा दट्ट्या दहा दिवसांनी निघाला. त्या दहा दिवसांत ती टेकाडावर किती वेळा गेली, हे विचारू नये. पाणी मोजायची खाचांची काठी तुडुमाजवळ होती, टेकाड पाळीला लागून होतं, आणि एवढ्या जवळ येऊन देवळाकडे बघायचं नाही म्हणजे अतीच झालं, नाही का?

लहानपणापासून ती या दगडांवर खेळली होती. पण देऊळ तिला दिसलं ते आत्ता, हिमांशुनं दाखवल्यावर. आठशे वर्षांपूर्वीचं असावं, तो म्हणाला. "असावं" म्हणायचा, शिलालेख सापडलेला नाही, कुणी बांधलं ठाऊक नाही. नागरा गावातलं असंच शंकराचं देऊळ नांदतं राहिलं, हे पडलं. छप्पर आधी गेलं, मग सभामंडपाचे खांब झोपले. आता उभं होतं ते जोतं, गाभाऱ्याच्या तीन भिंती आणि दाराचे दोन बाजूचे कोरीव खांब. खांबांवर माथा नव्हता. दार उघड्या आभाळात संपत होतं.

"चुना नाहीच यात," तो भिंतीवर तळवा ठेवून सांगायचा. "एका दगडाला खाच, दुसऱ्याला दांता. वजनावर उभं आहे सगळं. एक दुसऱ्याला धरून."

"अन् एक निघाला तं?"

"तर बाकीचे हळूहळू अस्वस्थ होतात. मग एखाद्या पावसाळ्यात..." त्यानं हातानं पडल्याची खूण केली. "दाराच्या माथ्यावरचा दगड निघाला, तिथूनच हे सुरू झालं असणार. एकशे बारा दगड मिळाले. तेवढा एक मिळत नाही. त्याच्या कडेला कमळाच्या पाकळ्या असणार, हे बघा, खांबावरची पट्टी तिथंच तुटते. मधोमध गणपती असेल, नाहीतर लक्ष्मी. तो मिळाला की आठ दिवसांत काम खलास."

"खलास म्हणजे?"

"म्हणजे मी पुढच्या कामावर. चंद्रपूरकडे."

पुष्पांजलीनं मान हलवली आणि पायाखालचं गवत उपटत राहिली.

कारण तो दगड कुठं आहे, हे तिला ठाऊक होतं.

तिच्या पणज्यानं, उदारामनं, एका वर्षी तुडूम फुटला तेव्हा तो टेकाडावरून बैलगाडीत घालून आणला होता. पडलेलाच होता. नारळ फोडून देवाची माफी मागितली, देवाचा चेहरा खाली केला, म्हणजे कुणाचा पाय त्यावर पडू नये, आणि चौथी पायरी म्हणून बसवून टाकला. तेव्हापासून तुडूम फुटला नाही. ही गोष्ट घराबाहेर काढायची नाही, असं परसरामनं तिला बजावलं होतं. सरकारच्या कानावर गेली तर दगड जाईल, दगडाबरोबर तुडूम जाईल, आणि मग भारी, उशिरा पिकणाऱ्या धानाला पाणी कुठून?

म्हणून ती बोलत नव्हती. तलावासाठी. गावासाठी. असं तिनं स्वतःला पहिल्या आठवड्यात सांगितलं आणि तिला ते पटलं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सांगावं लागलं. तिसऱ्या आठवड्यात मात्र आपण आपल्यालाच बनवतोय, हे तिचं तिला कळून चुकलं. तलाव होता, गाव होतं, सगळं खरं होतं. पण दगड मिळाला की हा माणूस जाणार, हे त्या सगळ्याहून मोठं होऊन बसलं होतं.

एकदा तर ती जवळजवळ सापडलीच. हिमांशु दगडांवरच्या पाथरवटांच्या खुणा दाखवत होता. प्रत्येक पाथरवट आपल्या दगडावर आपली छोटी खूण कोरायचा. कुणाचा बाण, कुणाचा नांगराचा फाळ.

"दाराचे दोन्ही खांब एकाच माणसानं घडवले," तो म्हणाला. "ओळखा बघू, त्याची खूण काय असेल?"

"मासोळी," पुष्पांजली म्हणाली.

आणि जीभ चावली. चौथ्या पायरीच्या कोपऱ्यावर बोटभर मासोळी होती. पाणी आटलेल्या उन्हाळ्यात ती लहानपणी तिच्यावरून बोट फिरवायची.

हिमांशु खांबाच्या मागे वाकला होता. तिथं, पायथ्याशी, गवताआड, तिला कधीही न दिसलेली मासोळी होती. तो हळूच सरळ झाला. तिच्याकडे बघत राहिला... क्षणभर, की त्याहून जास्त?

"बरोबर," तो म्हणाला. "चहा घेणार?"

"अंदाजानं म्हणली मी."

"मी कुठं काय म्हटलं? चहा म्हटलं."

चहा भलताच गोड झाला होता आणि तिनं तो सगळा पिऊन टाकला.

दुसरा दट्ट्या काढताना तो घसरला नाही. तिसरा काढताना मुद्दाम घसरल्यासारखं केलं, आणि तिनं दंड धरल्यावर म्हणाला, "पकडायला या वेळी दुसरं काही होतं."

"सोडून देईन हां मी," ती म्हणाली. पण सोडलं नाही, पाणी भोकातून ओढ घेऊन जायला लागलं तरी. वर पाळीवर शामकला काकू धुणं घेऊन उभी होती. तिचं धुणं त्या दिवशी फारच वेळ चाललं.

तिसऱ्यानंतर मात्र पुष्पांजलीच्या जिवाला थारा उरला नाही. सकाळी काठी बघून यायची, दुपारी बघायची, दिवे लागायच्या आधी पुन्हा. पाणी बोटाबोटानं उतरत होतं आणि तिचा जीव वर वर येत होता. चौथी पायरी अजून पाण्याखाली होती. वर वीतभर पाणी... मग चार बोटं. एक दिवस परतीचा पाऊस आला आणि तलाव हातभर चढला. कापलेलं धान भिजलं म्हणून गाव डोक्याला हात लावून बसलं.

"साऱ्या गावाचं धान वल्लं होऊन राहिलं," शामकला काकू म्हणाली, "अन् हे पोरगी हासून राहिली! काऊन व? काय झालं तुले?"

"काई नाई झालं."

"तो नकाशेवाला दगड धुंडून राहिला म्हणते. काखेत कळसा अन् गावाले वळसा!" काकूनं तिच्याकडे तिरपं बघितलं. "सांगून टाक ना त्याले."

"बा नाई म्हणते."

"बा दगडाचं नाई म्हणते. मी दगडाचं कोठं म्हणून राहिली?"

पण पाऊस एकच दिवस पडला, आणि धानाला पाणी रोज लागतं. दिवाळी झाली. सौंदडकडच्या गावांत मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांचे, मांडव पडायला लागले, नाटकांचे फलक झाडांवर चढले. हिमांशु हल्ली कमी बोलायचा. काढलेला नकाशा पुन्हा काढायचा, मोजलेली भिंत पुन्हा मोजायचा. एका दुपारी त्यानं सांगितलं, "उद्या दहा वाजता नागपूरहून मोठे साहेब येणार आहेत. दगड मिळाला तर तो बसवायचा, नाही मिळाला तर काम जिथं आहे तिथं थांबवून निघायचं. काहीही झालं तरी मंडईनंतर मी इथं नाही."

"अन् चवथा दट्ट्या?"

"तो उद्याच आहे ना? साहेबांच्या आधी काढू. आठला."

साहेब तुडूम बघणारच. या पाळीवर आलेला कुणीही आधी तुडूम बघतो. आणि चौथ्या पायरीवर आता जेमतेम घोट्याएवढं पाणी होतं, नितळ, काचेसारखं. कमळाच्या पाकळ्या डोळ्यांत भरतील. मग तुडूम फोडतील. किंवा फोडणार नाहीत... पण हा म्हणेल, तुम्हाला ठाऊक होतं. महिनाभर मी रान धुंडाळलं आणि तुम्ही चहा पीत बसला होतात. जाणारा माणूस निदान रागावून जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. खरं तर एवढंच नव्हतं. पण तेवढं तरी.

उजाडता उजाडता ती घरातून निघाली. हातात टोपली, टोपलीत पाटाकडेची चिकट काळी माती. पायरीच्या कडेला थापून टाकायची, पाकळ्या झाकायच्या. साहेब गेले की धुऊन काढता येईल.

धुकं पाण्यावर लोळत होतं. पाळीवर तिला आधी दिसले जोडे. नीट शेजारी शेजारी काढून ठेवलेले. मग तुडुमाच्या तळाशी कुणीतरी वाकलेलं दिसलं, पाण्यात गुडघे टेकून, कोपरापर्यंत चिखलानं माखलेलं. चौथ्या पायरीच्या कडेला तो माणूस माती थापत होता. अगदी मन लावून.

"काय करून राहिले जी?"

हिमांशु दचकून उठला आणि पुन्हा पडता पडता राहिला. या वेळी पकडायला खरंच काही नव्हतं. त्यानं तिच्या हातातली टोपली पाहिली. टोपलीतली माती पाहिली. तिनं त्याचे हात पाहिले.

हिमांशुनं चिखलाचे हात पाठीमागे नेले.

"तुमाले मालूम होतं," ती शेवटी म्हणाली. "कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून. पडलो ना, तेव्हा पाय नेमका यावरच टेकला. अनवाणी होतो. पाकळ्या लागल्या तळव्याला... पंधरा दिवस तीच पट्टी हातानं मोजत होतो खांबावर. पायाला लगेच कळलं."

"अन् तुमी बोलले नाई! महिनाभर रान धुंडून राहिले!"

"धुंडून कुठं राहिलो? फिरून राहिलो." तिची बोली त्याच्या तोंडात वेडीवाकडी बसली. "पहिल्यांदा वाटलं, सांगितलं तर तुमचा तुडूम फोडतील. म्हणून गप्प बसलो. मग... मग ते एकच कारण उरलं नाही. तुम्ही मासोळी म्हणालात ना, तेव्हा कळलं, तुम्हालाही ठाऊक आहे. वाटलं, ही सांगत नाही ते तलावासाठी. मी विचारलं तर हिला खोटं बोलावं लागेल. म्हणून चहा विचारला."

पुष्पांजलीला हसू येत होतं आणि रडूही. महिनाभराची तगमग, सकाळ-दुपार-संध्याकाळ काठीकडे धावणं, भर कापणीत मागितलेला पाऊस! आणि हा बाबा पलीकडे बसून तेच करत होता. तिनं टोपली पाळीवर ठेवली. मग पाण्यात उतरली आणि त्यानं थापलेली माती ओंजळीनं धुवायला लागली.

"अरे! काय करता? साहेब येतील."

"येऊ द्या." एक पाकळी उघडी झाली. मग दुसरी. "दगड लपवला म्हणून तुमी थांबले. असं थांबणं मले नाई पाहिजे. दगड दिसला तरी ज्याले थांबाचं आहे त्यानं थांबावं."

तिचे हात थांबले नाहीत. तोही शेजारी वाकला आणि स्वतःचाच चिखल काढायला लागला. कोपऱ्यातली मासोळी शेवटी निघाली. दोघांची बोटं एकदमच तिच्यावर गेली आणि तिथंच राहिली.

"साहेबांसाठी लिहून ठेवलंय मी," तो हळू आवाजात म्हणाला. "तीन आठवडे झाले. दगड तुडुमात आहे, कामावर आहे, हलवू नये. दाराच्या माथ्यावर न कोरलेला साधा दगड बसवावा, म्हणजे बघणाऱ्याला कळेल की मूळचा दुसरीकडे आहे. फक्त पाठवलं नाही. पाठवलं की काम संपलं असतं."

"साहेब आयकतीन?"

"नाही ऐकलं तर भांडीन. आज दहाला. त्याआधी हे एक..." तो थांबला. त्यानं मासोळीवरून एकदा बोट फिरवलं. "मला चंद्रपूरला जावं लागेल. नोकरी आहे. पण जायचं नाहीये मला. तुमच्यापासून. एवढंच. हे लिहून ठेवलं नव्हतं."

पुष्पांजलीच्या कानशिलांपर्यंत ऊन चढलं, उन्हाचा अजून पत्ता नसताना. तिनं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं.

पाळीवर काठीचा आवाज झाला. परसराम उभा होता, खांद्यावर घोंगडी. किती वेळ उभा होता देव जाणे. त्यानं जोडे बघितले, टोपली बघितली, चिखलानं माखलेली लेक बघितली.

"दट्ट्या काढसान का नाई?" तो म्हणाला. "वावरं वाट पाहून राहिले."

हिमांशुनं घाईनं दांड्याला हात घातला. दट्ट्या हलेना, पावसाळ्यापासून पाण्यात फुगून बसला होता. पुष्पांजलीनं त्याच्या हातांवर आपले हात ठेवले.

"हात नोको बदलू व पोरी," परसराम वरून म्हणाला.

"बदलून नाई राहिली बा. संगं लावून राहिली."

परसरामनं घोंगडी सावरली. त्यानं तोंड फिरवलं आणि टेकाडावरच्या त्या बिनमाथ्याच्या दाराकडे फार लक्ष देऊन बघायला लागला. इतकं लक्ष त्यानं त्या दाराला उभ्या जन्मात दिलं नव्हतं.

दट्ट्या निघाला. पाणी एकदा गुरगुरलं आणि पाटाला लागलं. दोघं तसेच उभे राहिले, एक ओला दट्ट्या चार हातांत धरून.

"झाले चार," हिमांशु म्हणाला. "आता मला धरून ठेवायला काही नाही."

"पुढच्या सालचा पयला आहे ना. भादव्यात." तिनं पाण्याकडेच बघत सांगितलं. "पण तो असा पडून-झडून नाई चालत. नारळ फोडाचा, हळद वाहाची. अन् तुडूम घरच्यानंच उघडाचा असते."

"मग?"

तिनं मान वर केली. महिनाभरात पहिल्यांदाच तिला पाणी मोजायच्या काठीची आठवण झाली नाही.

"मंग घरचे होऊन या ना जी."